क्रूसोच्या बेटाचा खरा रहिवासी

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटर दूर, भर पॅसिफिक महासागरात रॉबिन्सन क्रूसो बेट आहे. अलेक्झांडर सेलकर्क १७०४ ते १७०९ या काळात येथेच एकटा राहिला. पण बेटाचा खरा रहिवासी म्हणजे फायरक्राउन हा हमिंगबर्ड; ही जात जगात अन्यत्र नाही. नर विटकरी तांबडा, मादी पाठीकडून हिरवी नि पोटाशी पांढरी. पूर्वीच्या पक्षिशास्त्रज्ञांनी तर त्यांना दोन निराळ्या जाती मानले होते! आपला शिंजीर सहसा फांदीवर बसून मध पितो; हा फुलासमोर अधांतरी तरंगत पितो. त्याला बेटाचे मूळ रान हवे. माणसाने आणलेल्या ब्लॅकबेरीच्या जाळ्या ते रान गिळीत आहेत. जहाजांतून उतरलेली मांजरे-उंदीर त्याच्या जिवावर उठले आहेत. सेलकर्कला न्यायला अखेर जहाज आले. याला मात्र जायला दुसरे घरच नाही.