हतनूरच्या काठी एक रविवार

फैजपूरहून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची निळी रांग दिसते, आणि बाकी चहूकडे केळीची हिरवी भिंत. पाणी काही दिसत नाही. ते जमिनीच्या पोटात असते आणि विहिरी, बोअर खोल खोल नेत त्याचा पाठलाग करण्यात आमची एक पिढी गेली. म्हणून आमच्या भागातल्या माणसाला उघड्या पाण्याचे भारी अप्रूप. घरी पाहुणे आले, पोरांना सुट्टी लागली, की कोणीतरी म्हणतेच, "चला, हतनूरला जाऊ. धरण पाहू, काठावरच बट्ट्या लावू."

तुमच्याही घरी असे कोणी म्हणेल, म्हणून आमच्या सहलीची हकिगत तुमच्या कानावर घालतो.

हतनूरचे धरण तापीवर, भुसावळ तालुक्यात आहे. काम 1982 साली पुरे झाले. त्याला एक्केचाळीस दरवाजे. भुसावळचे पिण्याचे पाणी, दीपनगरचे वीज केंद्र, वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना, शिवाय उजव्या कालव्यावरची शेते, हे सारे या पाण्यावर चालते. धरणाच्या अंगाला तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे, चांगदेवला. मागे पाणी तिथवर तुंबते. त्यासाठी रावेर आणि आता मुक्ताईनगर म्हणतात त्या एदलाबाद तालुक्यातल्या नदीकाठच्या लोकांनी आपली काळीभोर जमीन दिली. सहलीला जाणाऱ्याने एवढे मनात ठेवून पाण्याकडे पाहावे, असे मला वाटते.

आम्ही अकरा जण निघालो, भाद्रपदातल्या एका रविवारी. धाकट्या काकांच्या ओळखीची पिकअप गाडी. मागे सतरंजी, पाण्याची टाकी, वरणाचे पातेले, तिंबलेली कणीक आणि गोवऱ्यांचे पोते. आजीने निघता निघता केळीच्या दोन फण्या आणायला लावल्या. वहिनी हसल्या. ज्यांच्या वावरातून गाड्या भरभरून केळी दिल्लीला जातात, ती माणसे सहलीला केळी कशाला नेतील? आजी म्हणाली, "राहू दे. खायला नको तर माकडांना टाका."

आमोद्याच्या पुढे चाक बसले. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. काका कोणाच्या तरी मोटारसायकलवर चाक घेऊन गेले ते दोन तासांनी परत आले. एवढ्यात आभाळ भरून आले आणि पाऊण तास धो धो सर कोसळली. माणसे केळीच्या बागेत शिरली, सतरंजी गाडीखाली गेली, पण गोवऱ्यांच्या पोत्याची आठवण कोणालाच राहिली नाही. फैजपूर म्हणजे 1936 च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरवणारे गाव. बांबू-चटयांचे टिळकनगर उभारून देशभरच्या पाहुण्यांची सोय आमच्या वाडवडिलांनी केली, हे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. त्यांच्या नातवंडांना एक पोते कोरडे ठेवता आले नाही!

दुपारी एकला पोहोचलो. पोरांच्या डोळ्यांसमोर निळेशार सरोवर आणि नाव होती. समोर होते लालसर गढूळ पाणी, उघडे दरवाजे आणि कानठळ्या बसवणारा घोष. भिंतीवर जायला मनाई. पोरे हिरमुसली. पण धरण पावसाळ्यात कोठारासारखे लगेच काठोकाठ भरून ठेवत नाहीत. मागून येणाऱ्या पुराला जागा ठेवावी लागते. शिवाय पूर्णा काळ्या मातीच्या मुलखातून गाळ घेऊन येते. हतनूरच्या पोटात गाळ फार साचला आहे, हे जिल्ह्यात सगळे जाणतात.

खालच्या बाजूला, नदीपासून जरा दूर, बाभळीखाली चूल मांडली. गोवऱ्या पेटेनात. धूर मात्र असा निघाला की आत्याबाईंना दोन्ही डोळे पदराने धरून बसावे लागले. तासाभराने बट्ट्या काढल्या तर वरून काळ्या आणि आत कणीक तशीच. पुरुषमंडळी चुलीत फुंकर मारत एकमेकांवर खेकसत होती, बायका वेगळे सुचवत होत्या. या गोंधळात पुतण्या आणि पुतणी, वय सात आणि दहा, खाली नदीच्या खडकांवर जाऊन बसली होती. पातेले घासायला म्हणून नेले होते दोघांनी.

आणि ऐका. सर केव्हाच ओसरली होती. डोक्यावर लख्ख ऊन होते. सातपुड्यावर ढगाचा ठिपका नव्हता. कोणाच्या मनात पुराचा विचार यावा असे काहीच नव्हते. जाळे गोळा करत असलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मात्र वरून हाक दिली, "ओ भाऊ, पोरं वर घ्या! पानी चढी राह्यलं!"

दादा धावला. मघाशी ज्या खडकापर्यंत पोरे कोरड्या पायांनी गेली होती, त्याच्या आणि काठाच्या मधे आता गुडघाभर ओढ होती. त्याने एकीला काखोटीला मारले, दुसऱ्याला खांद्यावर घेतले. पाय दोनदा घसरले. मच्छीमाराने जाळ्याचा दोर टाकला, तो धरून तिघे वर आले. पातेले आणि पोरांच्या चपला तापीने नेल्या. थोड्या वेळाने पाहिले तर तो खडक दिसतच नव्हता.

म्हातारबाबा म्हणाले, भोंगा वाजला होता. दरवाजांच्या आवाजात आणि आमच्या भांडणात तो कोणाला ऐकू येणार? मग त्यांनी समजावले ते तुम्हीही ध्यानात घ्या. हे पाणी इथल्या पावसाचे नसते. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवते आणि बऱ्हाणपुरावरून येते. पूर्णा अकोला, बुलढाण्याचे पाणी घेऊन येते. तिकडे रात्री पाऊस झाला की इथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दरवाजे वर जातात, मग फैजपुरात ऊन पडलेले का असेना. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरायचेच नाही, भांडे घासायलासुद्धा.

मग सगळे शांत झाले. वहिनी पोरांना पोटाशी धरून बसल्या होत्या, त्यांच्या हातापायांची थरथर थांबत नव्हती. आजीने काही न बोलता फण्या सोडल्या आणि एकेक केळ प्रत्येकाच्या हातात दिले. मच्छीमारबाबांना अर्धी फणी दिली. तेवढेच आमचे वनभोजन.

चांगदेवला जायचे राहून गेले. ते तुम्ही चुकवू नका. दगडी देऊळ संगमावरच आहे. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव वाघावर बसून ज्ञानदेवांना भेटायला आले आणि कोवळ्या मुक्ताईला त्यांनी गुरू केले, ही कथा घरोघर ठाऊक असते. पण पुढ्यात दोन नद्यांचे पाणी पसरलेले असताना ती ऐकण्यात गोडी वेगळी. जायचे तर थंडीत, गव्हाला दुसरे पाणी देऊन झाले की. तेव्हा पाणी निवळते, हतनूरच्या फुगवट्यावर चक्रवाक आणि परदेशी बदके उतरतात, उन्हात बसवते. नावेत किती माणसे चढली ते आधी मोजा. जास्त वाटली तर दुसऱ्या खेपेला जा. स्टेपनीत हवा आदल्या दिवशी पाहून ठेवा. गोवऱ्यांवर ताडपत्री टाका.

आमच्याकडे या थंडीत पुन्हा जायचे ठरले आहे. पुतणी म्हणते ती येणार, पण नावेत बसणार नाही. आजीने नवे पातेले घेऊ दिलेले नाही. घरातले जुने पितळी काढून ठेवले आहे, कल्हई तेवढी करायची आहे.