जलपुरीचे मीठ

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा संस्थानात, मिसिसिपी नदीच्या काठी, मिनिआपोलिस हे शहर वसले आहे. डाकोटा लोकांच्या भाषेतील ‘म्नी’ म्हणजे पाणी आणि ग्रीकांचा ‘पोलिस’ म्हणजे नगर, ह्यांच्या संयोगाने हे नाव घडले. आपण त्यास जलपुरी म्हटल्यास वावगे होणार नाही. नावही सार्थच आहे. भर वस्तीत हॅरिएट, नोकोमिस, ब्डे माका स्का अशी विस्तीर्ण तळी पसरली असून त्यांच्या काठाकाठाने वनराजी व पायवाटा आहेत. उन्हाळ्यात मुले तेथे पोहतात, वडीलधारी मंडळी होड्या वल्हवितात.

परंतु ह्या नगरीची खरी ओळख पटते ती जानेवारीत. त्या महिन्याचे सरासरी उष्णमान शून्याखाली सुमारे ९ अंश सेंटिग्रेड असते. तळी शिळेसारखी घट्ट होतात. लोक त्यांवर झोपड्या उभारून, बर्फास भोके पाडून मासे धरीत बसतात. रस्त्यावर मात्र हाच बर्फ काळ होऊन बसतो. डोळ्यांस न दिसणारा त्याचा पातळ थर चालणाऱ्यास पाडतो व मोटारी एकमेकींवर आदळवितो. म्हणून हिमवृष्टी होताच अवजड गाड्या बाहेर पडतात आणि रस्त्यांवर मीठ उधळीत जातात. सकाळी पाहावे तो घरोघरच्या पायऱ्यांवरही मिठाचे खडे पसरलेले! सांडलेले मीठ परलोकी पापण्यांनी वेचावे लागते, असे आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या मराठी माणसास हे दृश्य चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही.

मिठाने बर्फ वितळतो कसा? गोठणबिंदूजवळ बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो. बर्फाचे काही कण सुटून त्यात मिसळतात, काही परत येऊन बर्फास चिकटतात. मीठ त्या पाण्यात विरघळले म्हणजे परतणाऱ्या कणांस अडथळा होतो, सुटणाऱ्यांचे सुटणे चालूच राहते, आणि बर्फ झिजू लागतो. ह्या कामी लागणारी उष्णता भोवतालून ओढली जाते. आमच्या गृहिणींस हे नवे नाही. आइस्क्रीमच्या बादलीत बर्फाबरोबर खडेमीठ घालून दांडा फिरविला म्हणजे आतील दूध गोठते, ते ह्याच न्यायाने. फॅरनहाइट ह्या शास्त्रज्ञाने १७२४ साली आपल्या उष्णतामापकाचे शून्य ठरविले, तेही बर्फ, पाणी आणि कल्हईवाल्याच्या परिचयाचा नवसागर ह्यांच्या मिश्रणावरूनच.

मात्र सर्व क्षारांचे बळ सारखे नसते. पोटॅशियम क्लोराइड शून्याखाली ११ अंशांच्या सुमारास हात टेकते. आपले नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, २१ अंशांपर्यंत तग धरते. परंतु त्यासाठी द्रावणात ते सुमारे २३ टक्के असावे लागते. रस्त्यावर इतके दाट द्रावण टिकत नाही, सबब ९-१० अंशांखालीच त्याचे काम मंदावते. मॅग्नेशियम क्लोराइडची सीमा ३३ अंश, तर कॅल्शियम क्लोराइडची ५० अंशांच्या आसपास. शिवाय हे शेवटचे विरघळताना स्वतः उष्णता देते. साधे मीठ उलट थोडी घेते. तथापि मौज अशी की, थंडी बेताची असता वजनास वजन घेतले, तर साधे मीठच अधिक बर्फ वितळविते. कारण त्याचे कण हलके, म्हणून तेवढ्याच वजनात संख्येने अधिक. त्यात ते स्वस्त. तेव्हा सर्वत्र त्याचीच चलती आहे.

पण हे मीठ पुढे जाते कोठे? वितळलेल्या पाण्याबरोबर ते गटारांतून तळ्यांत उतरते. क्लोराइड कुजत नाही, हवेत उडून जात नाही. वर्षानुवर्षे साचत राहते. खारे पाणी जड असल्याने तळाशी बसते. वसंतात तळ्याचे पाणी वरखाली ढवळून खोलवर प्राणवायू पोचावयाचा, त्यास मग प्रतिबंध होतो आणि जलचरांचा जीव धोक्यात येतो. लिटरमागे २३० मिलिग्रॅम ही तेथील सरकारने क्लोराइडची मर्यादा ठरविली आहे. लहान चमचाभर मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी कायमचे दूषित करते, असे तेथील अधिकारी लोकांस बजावीत असतात.

मीठ अजिबात बंद करावे, असे म्हणणे सोपे. परंतु निसरड्या वाटेवर पडून हाड मोडलेल्या वृद्धास ते कोण सांगणार? म्हणून तेथे मध्यम मार्ग सांगितला जातो. आधी फावड्याने बर्फ ओढून टाकावा. मग मीठ मोजके पेरावे. कॉफीचा एक मोठा पेलाभर मीठ पदपथाच्या दहा फरशांस पुरते. थंडी फार कडक असल्यास साध्या मिठाऐवजी वाळू टाकावी आणि कोरडे झालेले मीठ झाडून पुन्हा वापरावे.

स्वयंपाकात मीठ किती घालावे, हे ज्या घरात कळते तेथेच अन्नास चव असते. जलपुरीच्या नागरिकांस तोच धडा आता अंगणात गिरवावयाचा आहे. पायरीवर जास्त पडलेली मूठ झाडूने वेचता येते. तळ्यात उतरलेली मूठ मात्र पापण्यांनीही वेचता यावयाची नाही.