बशीतला मेंदू आणि ग्वाल्हेरचे उंदीर

कंपवाताचं निदान होतं तेव्हा मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून बघता येत नाही, आणि मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूत दिसतो तो फक्त शेवट. बिघाड सुरू कुठून झाला? मूलपेशींवर काम करणारे आम्ही याच प्रश्नामागे लागलो आहोत.

२००६ साली क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना भ्रूणावस्थेसारख्या मूलपेशी बनवलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशींतही ते साधलं. तेव्हापासून रुग्णाच्या रक्तातल्या वा त्वचेतल्या पेशी मागे नेऊन त्यांच्यापासून प्रयोगशाळेच्या बशीत चेतापेशी घडवता येतात. जनुकं त्याचीच, दोषही त्याचाच. मग त्याच पेशींतला दोष दुरुस्त करून जोडीची दुसरी बशी तयार करायची. दोन्हींत वेगळं असतं ते तेवढंच एक, त्यामुळे दिसलेला फरक कशामुळे पडला ते ठामपणे सांगता येतं.

हे काम चिकाटीचं आहे. मूलपेशींचं मीडिया, म्हणजे पोषक द्रावण, बहुधा रोज बदलावं लागतं. ते गुलाबी असतं. पिवळं पडलं की आम्ल वाढलं समजायचं. चांगल्या वसाहतीची कड सूक्ष्मदर्शकाखाली रेखीव दिसते. कड विस्कटून पेशी पसरट होऊ लागल्या, की तेवढा भाग पिपेटच्या टोकानं खरवडून टाकायचा, नाहीतर अख्खी बशी हातची जाते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही कुणीतरी येऊन हे करतंच.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर एससीए-१२ या आजाराचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. बहुतेकदा मध्यमवयात हातांच्या थरथरीनं सुरू होणारा, पुढे तोल घालवणारा हा आनुवंशिक विकार जगात दुर्मीळ आहे. पण उत्तर भारतातल्या अग्रवाल कुटुंबांत तो बराच आढळतो. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा तीन रुग्णांपासून बनवलेल्या मूलपेशींच्या वाणांची नोंद केली. परदेशी प्रयोगशाळांनी आपल्या घरांतला आजार आपल्यासाठी शोधावा, अशी वाट का बघायची?

माझं माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं. तिथे गेले की कुणीतरी विचारतंच, "ताई, ह्यांना स्टेम सेल चढवतात का कुठे?" मी स्पष्ट नाही म्हणते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपवातासारख्या आजारात मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार देणं गैर आहे. क्योतोला सात रुग्णांच्या मेंदूत अशा मागे नेलेल्या पेशींपासून बनवलेल्या डोपामिन-पेशी सोडल्या गेल्या. २०२५ मध्ये निष्कर्ष आले आणि गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. ही मोठी गोष्ट आहे, पण ती सात माणसांची चाचणी आहे. घर गहाण टाकून सुई घ्यायला निघालेल्यांना मी हात जोडून थांबवते.

बशीच्याही मर्यादा आहेत. पेशी मागे नेताना त्यांचं वय जवळजवळ पुसलं जातं, म्हणजे सत्तरीचा आजार आम्ही कोवळ्या पेशींत शोधत असतो. दुसरी उणीव मला जास्त सलते. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशींचा उगम भ्रूणाच्या पीतकोशात होतो, चेतापेशींच्या कुळात नाही. म्हणून नुसत्या चेतापेशी वाढवल्या तर मायक्रोग्लिया बशीत येतच नाहीत. वेगळ्या घडवून घालाव्या लागतात.

त्या किती महत्त्वाच्या, हे ग्वाल्हेरनं दाखवलं आहे. जिवाजी विद्यापीठाच्या न्यूरोसायन्स विभागात ईशान पात्रो आणि सहकाऱ्यांनी मधुमेह झालेल्या उंदरांच्या मेंदूचा अभ्यास केला. २०१४ च्या त्यांच्या निबंधांत मायक्रोग्लिया आणि अॅस्ट्रोसाइट या मदतनीस पेशी चवताळल्याचं आणि हालचालींवरही परिणाम झाल्याचं नोंदलं आहे. वाढलेली साखर मेंदूतल्या या मदतनीस पेशींना कशी बिथरवते, हा प्रश्न आता माणसाच्या पेशींत विचारता येईल: एकाच रुग्णाच्या चेतापेशी आणि मायक्रोग्लिया एका बशीत वाढवायच्या, साखर वाढवायची, आणि आधी कोण बदलतं ते टिपायचं.

त्यासाठी कंपवात आणि मधुमेह दोन्ही असलेल्या माणसांचं संमतीनं दिलेलं थोडं रक्त लागतं. जयारोग्य रुग्णालय आणि जिवाजी विद्यापीठ एकाच गावात आहेत. उंदरांवर हे काम जिथे झालं, तिथल्याच रुग्णांच्या पेशींवर पुढचं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.