बाणाची दिशा

आमच्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी आहे. सहा किलोच्या वर भरेल. येणारे-जाणारे तिला स्टॅबिलायझर समजतात. बेळगावात ज्याच्या घरी जुना फ्रीज होता त्याच्या घरी स्टॅबिलायझर होताच, तेव्हा तसं समजण्यात त्यांची काही चूक नाही. पण ती पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहे, आणि ती घरात कशी आली हे सांगायचं तर माझ्या एका फजितीपासून सुरुवात करावी लागेल. फजिती हा शब्दही तसा सौम्यच झाला.

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. नववी-दहावीच्या कितीतरी तुकड्यांना फळ्यावर दोन वेटोळी काढून दाखवली, प्राथमिक आणि दुय्यम. वेढे निम्मे केले की विद्युतदाब निम्मा होतो, दुप्पट केले की दुप्पट. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट, हे तर मी पुस्तक न उघडता सांगत असे. तेव्हा २०१८ साली लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं ठरलं, त्या वेळी विजेच्या वस्तूंची जबाबदारी आपोआपच माझ्याकडे आली. डिंक, खारीक, आळीव, मेथी हे सौ.चं खातं. पिना आणि व्होल्ट हे माझं.

सौ.ला दमा आहे. हवा बदलली, थंडी पडली की रात्री-बेरात्री वाफेचं मशीन लागतं. तेव्हा इतर काही विसरलं तरी चालेल, नेब्युलायझर विसरायचा नाही, हे आमचं ठरलेलं. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे नुसता पिनांचा आकार बदलून भागणार नव्हतं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो. अ‍ॅडॅप्टर फक्त आकार बदलतो. आपल्या गोल पिनांना तिकडच्या चपट्या पट्ट्या जोडून देतो, इतकंच त्याचं काम. वीज जशी येते तशीच आत सोडतो. खड्या पायाच्या माणसाला नुसती चप्पल बदलून दिली तर तो धावू लागत नाही, तसंच हे. मोबाइल आणि लॅपटॉपचे बहुतेक चार्जर अ‍ॅडॅप्टरवर खुशाल चालतात, कारण त्यांच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'इनपुट १०० ते २४०' असं छापलेलं असतं. तेवढं दिसलं की निर्धास्त व्हावं. मात्र ते बघायला भिंग घ्यावं; अंदाजाने वाचू नये. जिथे नुसतं २३० लिहिलेलं असेल, तिथे अ‍ॅडॅप्टर पुरत नाही, दाब बदलणारं काहीतरी लागतं.

आपल्या गोव्याची मंडळी लिस्बनला जातात, त्यांना ही कटकट नाही. तिथे २३० व्होल्टच, वारंवारताही आपलीच ५०. फक्त पिना दोन आणि आपल्यापेक्षा बारीक. तिथून पुढे इंग्लंडात गेले तरी दाब तोच, पिना मात्र चौकोनी, जाडजूड. गंमत बघा, आपली तीन गोल पिनांची पद्धत मूळची इंग्रजांचीच. त्यांनी १९४७ साली स्वतःसाठी चौकोनी पिनांचं, प्लगातच फ्यूज असलेलं नवं मानक काढलं. जुनं आपल्याकडे राहून गेलं. आमच्या पुतण्याला दुबईत तेच चौकोनी प्लग भेटले. एका साध्या अ‍ॅडॅप्टरवर त्याची सगळी वर्षं निघाली. खरी अडचण अमेरिकेची आणि जपानची. जपानात तर दाब १०० व्होल्ट आणि एकाच देशात दोन वारंवारता. तोक्योकडे ५०, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकाने जनित्रं जर्मनीतून आणली, दुसऱ्याने अमेरिकेतून, त्याचा हा परिणाम अजून चालू आहे. सीमेवरच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

तर मी काय केलं? अ‍ॅडॅप्टर खडेबाजारात घेतला. दाब बदलणारं यंत्र मुंबईत विमानाच्या आदल्या दिवशी एका दुकानातून घेतलं. तळहाताएवढं, हलकं, वर '१६०० वॅट' असं ठसठशीत छापलेलं. वजनात हलकं याचाच मला आनंद झाला, कारण सामान प्रत्येकी तेवीस किलोच्या पेट्यांत बसवताना कुंद्याच्या डब्यांवरून घरात वाद झालेलाच होता. दुकानदार म्हणाला, अमेरिकेसाठी एकदम बरोबर आहे. मी पिशवीत टाकलं.

पोचल्यावर पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या रात्री थंडी वाढली आणि दोनच्या सुमारास सौ. उठून बसली. तिचं ते उठून बसणं मी ओळखतो. मी नेब्युलायझर काढला, औषध घातलं, यंत्रं एकात एक जोडून भिंतीला लावली. मशीन घुं घुं करू लागलं, पण वाफ येईना. हलकं यंत्र काढून नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर लावून बघितलं. पुन्हा घुं घुं. नळीच्या तोंडाशी हात धरला तर हवा लागत होती न लागल्यासारखी. सौ. खांदे वर उचलून श्वास ओढत होती आणि मी जमिनीवर बसून पिना काढत-घालत होतो. दिवस भरलेली लेक दारात उभी. शेवटी जावई म्हणाले, "बाबा, ते राहू द्या आता." इनहेलरचे फवारे देत त्यांनी तिला गाडीत बसवलं आणि इस्पितळात नेलं.

मी घरी राहिलो, लेकीजवळ. पहाटेपर्यंत वेळ होता, म्हणून ते तळहाताएवढं यंत्र दिव्याखाली धरून भिंगातून वाचलं. त्यावर एक बाण होता. बाणाच्या शेपटीशी २२०, टोकाशी ११०.

म्हणजे ते उतरवणारं यंत्र होतं. अमेरिकेचा माणूस आपल्याकडे येतो, त्याची ११० व्होल्टची वस्तू आपल्या २३० वर जळू नये म्हणून केलेलं. आमचा प्रवास उलट्या दिशेचा. आम्हाला चढवणारं हवं होतं. 'अमेरिकेसाठी' हे दुकानदाराचं बोलणं खोटं नव्हतं, फक्त ते अमेरिकेहून निघणाऱ्यासाठी होतं. बरं, दिशा बरोबर असती तरी उपयोग शून्य. अशी हलकी यंत्रं विजेच्या लाटेचे तुकडे करून दाब कमी केल्याचा आव आणतात. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंना थोडा वेळ चालतात. मोटार किंवा नाजूक सर्किट असलेल्या वस्तूला लावायची नसतात. तिला लोखंडाचा गाभा आणि तांब्याचे वेढे असलेला खरा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो जडच असतो. १६०० वॅटचं यंत्र तळहातावर मावतं म्हटल्यावर शंका यायला हवी होती. फळ्यावरच्या वेटोळ्यांना वजन नसतं, हीच अडचण.

सौ. सकाळी नऊला परत आली, चेहरा उतरलेला पण श्वास मोकळा. बिलाचा आकडा लिहीत नाही. तिकडचा १२० व्होल्टचा नेब्युलायझर घ्यायचा तर दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी मागितली; ती इस्पितळातून आणलेली होती म्हणून निभावलं. मला कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, हे तुम्ही मुलांना शिकवायचात ना?" रागाने नाही, खरंच विचारावं तसं विचारलं. मी हो म्हणालो.

मिक्सरचीही तीच कथा, पण तिथे जिवावर बेतलं नाही. लाडवांसाठी आपला मिक्सर नेला होता. १२० वर तो डुगडुगत फिरे, खारीक जशीच्या तशी. मग कळलं, ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांत आपल्याच पद्धतीचे मिक्सर ११० व्होल्टचे मिळतात. इथून ओझं वाहून नेलं ते व्यर्थ.

नात झाली. आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी डिसेंबरात लेक तिला घेऊन बेळगावला येणार म्हटल्यावर मी पत्रच पाठवून विचारलं, विजेची कोणकोणती वस्तू आणणार, प्रत्येकीच्या पाठीवर काय लिहिलंय ते अक्षरशः कळव. फोनवर ती हसली, पण यादी आली. दूध काढायच्या पंपाचा चार्जर १०० ते २४० चा, म्हणजे प्रश्न नाही. बाटली गरम करायचं भांडं मात्र १२० व्होल्ट, ३०० वॅट. हे आपल्या २३० वर लावलं तर दाब दुपटीला जरा कमी, पण तापणाऱ्या वस्तूची शक्ती दाबाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ३०० वॅटच्या जागी अकराशे. प्लॅस्टिकच्या भांड्यात, बाळाच्या उशाशी. उलट बाजूने आपली हजार वॅटची इस्त्री तिकडे पावणेतीनशे वॅटची होते आणि कपडे नुसते कोमट करते. एकीकडे नुसती गैरसोय, दुसरीकडे आग. बाणाची दिशा म्हणजे ही.

उद्यमबागेत मोटारी रिवाइंडिंग करणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने मान वर न करता विचारलं, "एष्टु वॅट री?" मी म्हटलं, तीनशे. "हंगारे ऐनूर माडोण." पाचशेचाच करू. मी कारण विचारलं, तर म्हणाला, कट्टाकट्टी केलेली वस्तू तापते, जरा मोकळीक हवी. आणि मोटार असेल तर दुप्पट-तिप्पट धरा, सुरू होताना ती जास्त ओढते. वर आणखी म्हणाला, हा उलटा लावला की चढवतो, पण पूर्ण चढणार नाही, थोडा कमी पडेल. माझ्या तीस वर्षांच्या धड्यात हे 'थोडा कमी पडेल' कुठेच नव्हतं. मी फक्त आदर्श ट्रान्सफॉर्मर शिकवत आलो, ज्यात काही वाया जात नाही. त्याला हर्ट्झचंही ठाऊक होतं. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. आणि फक्त ६० साठी काटकसरीने केलेला ५० वर तापतो, पण ५० साठी केलेला ६० वर चालतो.

दोन पेट्या तयार झाल्या की काय म्हणून सौ.ने विचारलं, इतकी ती जड होती. घरी आणल्यावर मी आधी बल्ब लावून, मीटरने दाब मोजून बघितला. बाहेर एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५ असं लाल रंगाने लिहिलं, मधे बाण काढला. नात आली तेव्हा ती पेटी महिनाभर रात्री गुणगुणत असे, आणि सौ. पहिल्या दोन-तीन रात्री उठून तिच्यावर हात ठेवून बघायची, किती तापली म्हणून.

येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचं आहे. या वेळी हातात मावणारा, चार्जिंगचा नेब्युलायझर घेतला; त्याच्या चार्जरवर १०० ते २४० आहे. मी वाचलं, मग भिंग सौ.च्या हातात दिलं. तिने वाचलं, मागची बाजूही बघितली, आणि मशीन स्वतःच्याच पर्समध्ये ठेवलं.