डाग आणि रंग

रामदासपेठेतील आमच्या घरी वडिलांचे जुने मेज आहे, आलापल्लीच्या सागवानाचे. यंदा त्यास नवा रंग द्यावयाचे ठरले. कुटुंबास मधाळ रंग हवा होता. आमचा कौल गडद शिसवी रंगाला. कारण मात्र आम्ही सांगितले नाही.

रंगाऱ्याने मेज उलथे करून तळाची फळी काचकागदाने घासली आणि दोन्ही रंगांचे पट्टे ओढले. 'रंग डब्यात पाहू नये. लाकडावर वाळला की पाहावा,' तो म्हणाला. शिसवी रंगाखाली सागाच्या रेषा बुडाल्या, मधाळ रंगात त्या उमलल्या. वरून चपड्याचे पॉलिश द्यायचे होते. पळसावर पोसलेल्या किड्यांची लाख ती. स्पिरिट उडून जाते, लाखेचा पातळ थर तेवढा राहतो.

मग माथ्यावरील शाईच्या डागाकडे बोट करून तो म्हणाला, 'शिसवी दिला तर हा झाकेल. मधाळ द्यायचा तर घासून काढावा लागेल.'

बालपणी ती दौत आम्ही सांडली आणि मार धाकट्या भावाने खाल्ला. तो आज हयात नाही.

इंग्रजीत लाकडाच्या रंगास व डागास 'स्टेन' हा एकच शब्द आहे. तो आम्ही आयुष्यभर शिकवीत आलो.

'मधाळच द्या, मिस्त्री,' आम्ही म्हणालो, 'आणि डाग राहू द्या.'

त्या रात्री कुटुंबास आम्ही कारण सांगितले.