गारवा हातोहात

अन्न बिघडण्याच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. दूध नासते, वरण आंबते, भात विटतो, खोबरे खवट होते, भाकरीला बुरशी येते आणि आंबा उतरतो. जवळजवळ प्रत्येक पदार्थाची बिघडण्याची तऱ्हा निराळी आणि तिचा शब्दही निराळा! चांगल्या अन्नाला मात्र आपण एकट्या 'ताजे' या शब्दावर भागवतो. मला वाटते, हे सारे शब्द नाकाने घडवले आहेत. माझ्या आजीच्या घरी दुधाचे पातेले पाणी घातलेल्या परातीत असे, दही शिंक्यावर असे आणि या सर्वांवर आजीचे नाक पहाऱ्याला असे. झाकण उचलून तिने एकदा श्वास घेतला, की निकाल लागे. त्यावर अपील नसे.

या शब्दसंपत्तीत अलीकडे एका नव्या शब्दाची भर पडली आहे : शीतसाखळी. परवा वर्गात मी हा समास सोडवायला दिला, तेव्हा एका विद्यार्थ्याने 'शीत अशी साखळी' असा विग्रह केला. व्याकरणाच्या दृष्टीने तो चालूनही गेला असता. पण साखळी स्वतः गार नसते, ती गारव्याची असते. एका हाताने दुसऱ्या हातात दिलेल्या गारव्याची.

दुधाचेच पाहा. गायीच्या आचळातून ते निघते, तेव्हा तिच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस उष्ण असते. जंतूंना याहून सुखाचे बिऱ्हाड नाही. मनाजोगते हवामान मिळाले, तर त्यांतले काही वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाख होतात. असे चक्रवाढ व्याज कुठल्या सावकारानेही लावले नसेल. म्हणून गावच्या संकलन केंद्रावरच दूध ४ अंशांपर्यंत गार करतात. टँकरमधून ते डेअरीत येते, तेथे ७२ अंशांवर १५ सेकंद तापते, लगेच पुन्हा गार होते, पिशवीत शिरते आणि रात्रीच्या टेंपोने निघून पहाटे आपल्या कडीला लटकते. आपण झोपेत असताना किती माणसे आपल्या चहासाठी जागी असतात!

थंडी दूर नेण्याचा हा उद्योग तसा जुना आहे. १८३३ साली बॉस्टनहून निघालेले 'टस्कनी' नावाचे जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. त्याच्या पोटात बर्फ होता. निघताना सुमारे १८० टन, पोचताना सुमारे १०० टन! वाटेत किती वितळला, हे तेथे डोळ्यांना दिसत होते. दुधातून वितळलेला गारवा मात्र दिसत नाही. टेंपो वाटेत अडकला, क्रेट तासभर फुटपाथवर राहिले, दुकानातली वीज गेली. तरी पुढे सारे पुन्हा गार होते आणि पिशवी हाताला थंडगार लागते. पण गेलेले तास गेलेच. फ्रिज जंतूंची चाल मंद करतो. वाढलेल्यांना तो परत पाठवीत नाही.

हे मला पुस्तकातून नव्हे, तर एका लग्नात उमजले. २०१९ च्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला बासुंदी होती. आदल्या रात्री आटवलेली, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेली आणि सकाळी बर्फात घातलेली. केशराचा घमघमाट, चवीला नाव ठेवायला जागा नाही. जेवणे आटोपून चार वाजले नाहीत, तोच तीसएक माणसांना उलट्या सुरू झाल्या. ऐंशीच्या घरातले माझे मामा दोन दिवस सलाईनवर होते, आणि पहिल्या रात्री डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

मामा सावरल्यावर चौकशी सुरू झाली. दूधवाला म्हणाला, दूध चांगले होते. आचारी म्हणाला, मी तीन तास उकळले. कार्यालयवाले म्हणाले, आम्ही बर्फ पुरवला. बहुधा सगळेच खरे बोलत होते! शेवटी डॉक्टरांनीच आपला तर्क सांगितला. बासुंदी उतरवल्यावर तिला कुणाचा तरी हात लागला असावा. झाकलेल्या मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्तास कोमट राहतो. तेवढ्या वेळात काही जंतू विष तयार करतात आणि ते विष नंतर गार करून जात नाही, पुन्हा उकळूनही जात नाही. वासालाही कळत नाही. तीच बासुंदी उथळ भांड्यांत ओतून लवकर गार केली असती, तर हे टळते. बांगड्याचेही असेच आहे. बर्फाविना उन्हात राहिला, की त्यात हिस्टामिन साठते. मग तो कितीही खरपूस तळा, खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, आणि 'तुला मासा सोसत नाही' असा दोष त्याच्याच माथी येतो. येथे आजीच्या नाकानेही हात टेकले असते.

दिवाळीच्या दिवसांत हे सारे आठवण्याला कारण आहे. आपल्या पूर्वजांचा फराळ बिनसाखळीचा होता. चकली, चिवडा, शंकरपाळे. पाणी आटवलेले, तुपातेलात तळलेले. त्यांना फ्रिज लागत नाही. आता त्यांच्या जोडीला खव्याची बर्फी आणि रसमलाई आली आहे. हे डबे या घरून त्या घरी, मोटारीच्या डिकीतून, दिवसभर पाहुणचार घेत हिंडतात. शिजलेले ओले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये. फ्रिज ५ अंशांच्या आत असावा, गच्च भरलेला नसावा. आणि दूध दारातल्या कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडले की पहिली झळ त्यालाच लागते. एवढे सांभाळले, की घरापुरते बरेचसे काम झाले.

राहिला एक प्रश्न, तो विचारायला आपण लाजतो : "हे कधी केलेत?" यजमानाला तो अपमान वाटेल, अशी आपल्याला भीती वाटते. पण ज्या अन्नाने इतक्या हातांतून प्रवास केला, त्याची वास्तपुस्त करण्यात कसला अपमान? यंदा आमच्याकडे मिठाई घेऊन आलात, तर मी हा प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही आमच्याकडे खुशाल विचारा. उत्तर तयार ठेवतो.