धुक्यातली माणसे

बंदर रंगवायला घेतले की पहिला प्रश्न पाण्याचा नसतो, होड्यांचाही नसतो. तो हवेचा असतो. वसईच्या किल्लाबंदरावर डिसेंबर-जानेवारीत फजरच्या नमाजनंतर उभे राहावे. खाडीपलीकडची उत्तन-डोंगरीची टेकडी दिसत नाही, ती आहे असे नुसते वाटते. मधल्या होड्यांच्या काठ्या तेवढ्या धुक्यातून वर आलेल्या. अगदी जवळच्या होडीचाच रंग, दोर, बावटा स्पष्ट. जो जो दूर जावे तो तो रंग फिका, शीत होतो आणि कडा विरघळतात.

ही हवा तैलरंगात आणायला काळा रंग लागत नाही. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएनाचा तपकिरी मिसळला की करडा तयार होतो. निळा वाढवला की तो दूर सरकतो, तपकिरी वाढवला की जवळ येतो. अल्ट्रामरीन या नावाचा अर्थच मुळी 'समुद्रापलीकडचा'. एके काळी तो बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून बनत असे आणि सोन्याच्या तोलाने विकला जाई. एकोणिसाव्या शतकात तो कारखान्यात बनू लागला, म्हणून आज माझ्यासारख्याला परवडतो.

पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून द्यायचा, वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यायचे. क्रम उलटला तर पुढे भेगा पडतात. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. तिथे घाई कामाची नाही. खालचा थर सुकला की जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढुरका रंग हलकेच घासायचा. खालचे झाकलेही जाते आणि दिसतेही. तेच धुके.

इथवर सारे कसबाचे झाले. खरा पेच होड्यांत माणसे असावीत की नसावीत, हा. आमच्या मोठ्या चाचांचे म्हणणे, "समुंदर काढ, झाडं काढ, जानदार काढू नकोस." त्यांचा शब्द मी हसण्यावारी नेत नाही, त्यामागे श्रद्धा आहे. पण विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत माणसांच्या तसबिरी रंगल्या, तेही आपलेच. आणि बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी माझे अर्धे चित्र पाहून विचारले होते, "होडीवर माणूसच नाय? मग मासळी आणते कोण?"

मी सोपाऱ्याचा. आमचे गाव एकदा मोठे बंदर होते. दहाव्या शतकात अल्-मसूदीने त्याची नोंद केली. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सापडला. गाळ साचून बंदर गेले. राजाचे शब्द दगडावर राहिले. गलबतांतून माल उतरवणाऱ्यांचा चेहरा मात्र आपल्यापाशी नाही. माणसांवाचून बंदर रंगवताना मला ते आठवत राहते.

फ्रेंच चित्रकार मोने याने 1872 साली ल हाव्र बंदरातली पहाट रंगवली. त्या चित्रातल्या लहान होडीत माणसे आहेत, पण ब्रशच्या चार फटकाऱ्यांएवढी. नाक-डोळे नाहीत, तरी माणूस आहे याबद्दल शंका राहत नाही. दाट धुक्यात डोळ्यांना तेवढेच दिसते, म्हणून ती पळवाट नव्हे. ते त्या वेळेचे सत्य आहे.

तसाच मी जवळच्या होडीत एक उभा करडा फटकारा ओढला, त्याच्या पाठीला किंचित बाक दिला. चाचा चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हा नाखवा ना?"

कोळी आपल्या तांडेलाला नाखवा म्हणतात. आमच्या कोकणी मुसलमानांत ते आडनाव आहे. शब्द मूळचा फारसी, नाखुदा, नावेचा धनी. चाचांनी चित्राला होकार दिला नाही, पण त्या फटकाऱ्याला नावाने ओळखले. मी तो पुसला नाही.